उजव्या सोंडेचा पाठलाग

गाडी चालवताना मी कुणाला शिव्या देत नाही, असं आमच्या घरात फक्त माझंच मत आहे.

मी समज देते. शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर समोरचा (किंवा मागचा) माणूस चुकला की तोंडातून समज आपोआप बाहेर पडते. गाडीच्या काचा बंद असल्यामुळे ती त्या माणसापर्यंत पोचत नाही आणि गाडीत बसलेल्यांनाच ऐकून घ्यावी लागते, त्याला मी काय करणार? त्यातही माझं डोकं फिरतं ते मागून चिकटणाऱ्यांवर. आपण सरळ आपल्या वेगाने चाललोय, आणि हा मागे इतका जवळ की आरशात त्याच्या कपाळावरचं गंध दिसावं! वर हॉर्न! वर दिवसाउजेडी डिप्पर! असल्या लोकांसाठी मी गाडीच्या मागच्या काचेवर मुद्दाम एक पट्टी चिकटवून घेतली होती: ‘कृपया दोन वाहनांमध्ये सुरक्षित अंतर ठेवावे, ही नम्र विनंती.’ पट्टी करणारा म्हणाला होता, “ताई, नुसतं ‘अंतर ठेवा’ लिहू. एवढं सगळं घातलं तर अक्षर बारीक होईल.” मी म्हटलं, “होऊ दे बारीक. वाक्य पूर्ण पाहिजे.” वाक्य पूर्ण झालं.

माझा नवरा सतीश माथेरानला एका हॉटेलात हिशेब बघतो. माथेरानात गाडी नेता येत नाही, त्यामुळे वाहतुकीबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान घोड्यांवरून आलेलं आहे. मागचा गाडीवाला फारच अंगावर येतोय असं मी म्हटलं की तो शांतपणे सांगतो, “अगं, मागचा घोडा उधळला की आपण कडेला व्हायचं. जाऊ दे त्याला.” गाडी त्यालाही येते. पण त्याच्या वेगाने गणपती आणायला गेलो, तर घरी पोचेपर्यंत विसर्जनाची तयारी करावी लागेल. म्हणून कर्जतच्या भिसेगावातल्या आमच्या घरची गाडी मी चालवते.

आणि गणपती आणण्यावरूनच तर हे सगळं रामायण घडलं. आमचा गणपती पेणच्या कारखान्यातून येतो. दरवर्षी तो माझे दीर प्रमोदभाऊजी आपल्या टेंपोतून आणत. टोप्या घालून पुरुषमंडळी जाणार, गुलाल लावून येणार, आणि आम्ही बायका घरात मोदकांच्या पाऱ्या वळत बसणार. लग्न होऊन आल्यापासून मला त्या टोपीचा हेवा वाटत आला होता. त्या वर्षी टेंपो ऐनवेळी गॅरेजमध्ये जाऊन बसला आणि मी उडीच मारली. “मी आणते!”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि अट घातली. “बघ गं वैशाली. गणपती सुखरूप घरी आला, तर दरवर्षी तूच आण. माझी काय ना नाय. पन वाटंत काय घोळ घातलास, तर परत प्रमोदचाच टेंपो. मग गणपतीच्या कामात तू चावीला हात लावायचा नाय. आनि मी येनार संगती.”

“या ना आई. काही घोळ होणार नाही.” मी म्हटलं. (हे वाक्य सतीश अजून माझ्या आवाजात म्हणून दाखवतो.)

हरतालिकेच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी उपाशी. सासूबाई उपाशी. सतीशने निघताना कांदेपोहे खाल्ले होते, ते आम्हा दोघींना बोलायला पेणपर्यंत पुरले. निघताना मी वर्गात घेतात तसे सगळ्यांचे फोन गोळा करून डॅशबोर्डच्या खणात टाकले. चालकाचं लक्ष विचलित व्हायला नको.

पेणच्या गल्लीत त्या दिवशी अख्खा रायगड जिल्हा उतरला होता. कारखान्यात फळीवर गणपतीच गणपती, आणि नेण्यासाठी तयार असलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. गणपतीचं तोंड झाकून आणायचं आणि रुमाल काढायचा तो थेट दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापनेच्या वेळी. मध्ये कुणी डोकावायचंसुद्धा नाही. आमचा रुमाल लाल. सासूबाईंनी तो आधीच कारखान्यात पाठवून दिला होता. मूर्ती नेहमीची, शाडूची, बसलेली, डाव्या सोंडेची. आमच्याकडे डाव्या सोंडेचाच बसतो. उजव्या सोंडेचा फार कडक. त्याचं सोवळंओवळं सांभाळायचं म्हणजे घर शिस्तीचं लागतं, आणि आमच्या घरात आंघोळीच्या नंबरावरून रोज सकाळी भांडणं होतात.

मी गाडी गल्लीतच लावली होती. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मला घाम फुटला. कारखानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी फळीकडे बघितलं, लाल रुमाल दिसला आणि सतीशला म्हटलं, “अहो, हाच आपला. उचला!”

“विचारूया का एकदा?”

“रुमाल आपला मला कळत नाही होय? उचला!”

सतीशने उचलला. “गणपती बाप्पा…” “मोरया!” म्हणत मागच्या सीटवर गोधडीची घडी, त्यावर सासूबाई, त्यांच्या मांडीवर पाट आणि पाटावर बाप्पा असे सगळे बसले. मी गाडी काढली. मला तर टोपी घातल्यासारखंच वाटत होतं.

पेण-खोपोली रस्त्याला लागलो आणि मी इतकी सांभाळून चालवत होते की सायकलवाले वळून बघत होते. खड्डा आला की सासूबाई म्हणायच्या, “हलू गं.” खड्डा नसला तरी म्हणायच्या, “हलू गं.” असं सगळं छान चाललेलं असताना आरशात एक पांढरी गाडी उगवली.

उगवली ती थेट बुडाला येऊन चिकटली. पीं! पीं पीं! डिप्पर! पुन्हा पीं!

“आला बघा रेडा!” मी म्हटलं.

“वैशाली, मांडीवर गणपती हाय.”

“मग त्याला दिसत नाही का गणपती हाय ते? बघा, बघा कसा अंगावर येतोय! टोणगा मेला! अरे मागे हो ना! काचेवर एवढं लिहिलंय, वाचता येत नाही का?”

“वाचायलाच जवळ आला असेल,” सतीश म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

आता माझी एक सवय आहे. मागचा जितका घाई करतो, तितकी मी सावकाश होते. हा राग नव्हे, हे शिक्षण आहे. मी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आले. मागचा पिसाळला. हॉर्नवरचा हात काढीचना. त्यातच डॅशबोर्डच्या खणात काहीतरी गुरगुरायला लागलं. “फोन वाजतोय,” सतीश म्हणाला. “वाजू दे,” मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम.”

रस्ता जरा रुंद झाला तशी ती गाडी उजवीकडून आमच्या बरोबरीला आली. चालवणारा तरणाताठा माणूस, मागे त्याची आई. त्या आईने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि जीव खाऊन ओरडली, “अवो, गणपती! बाप्पा आमचा…”

“मोरया!” आम्ही तिघं एका सुरात.

आता तुम्हीच सांगा, गणपती आणताना कानावर ‘गणपती बाप्पा’ पडलं तर मराठी माणूस दुसरं काय म्हणणार? ते तोंडातून निघतंच. त्या बाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, नमस्कार केला. मग त्या आणखी जोरात ओरडल्या, “अवो बाई, मूर्ती! मूर्ती!”

“मंगलमूर्ती मोरया!”

समोरून एसटी आली, तशी ती गाडी पुन्हा मागे सरकली. सासूबाई खूश झाल्या. “चांगली भाविक मान्सं दिसत्यात गं. उगा शिव्या घालतीस त्यांना.”

“भाविक आहेत तर डिप्पर कसला मारतात?”

“आरती करत असतील,” सतीश म्हणाला.

ते भाविक पुन्हा शेपटीला येऊन चिकटले. पुन्हा बरोबरीला. या वेळी तो माणूस स्वतःच ओरडत होता, “ओ मॅडम! गणपती बाप्पा तुमच्या…” “मोरया!” त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हे काही साधं चिकटणं नव्हतं. हा मोरया ऐकूनही चिडणारा माणूस होता!

“सतीश, हे लुटारू आहेत रे.” (सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते. पण लुटारू मागे लागल्यावर अहो-जाहो कोण सांभाळणार?)

“लुटारू आईला घेऊन येतात का?”

“संशय येऊ नये म्हणून आणली असेल!”

सासूबाईंनी मागून गणपतीला घट्ट धरलं. “माझ्या पाटल्या हायत गं अंगावर! सतीश, काच लाव रं!”

खोपोलीत मी डोकं चालवलं. आम्ही नेहमी तिथून पळसदरीच्या रस्त्याने कर्जतला जातो. त्या दिवशी मी इंडिकेटर दिला एकीकडे आणि ऐनवेळी वळले खालापूरकडे. मागच्या टेंपोवाल्याने मला जी समज दिली, ती मी इथे लिहीत नाही. जुन्या हायवेला लागून मी आरशात बघितलं. पांढरी गाडी! ती पण वळली होती!

“मागचा घोडा फारच उधळला,” सतीश पहिल्यांदाच गंभीर होऊन म्हणाला. “चारचौघांत थांबूया.”

हे मात्र मला पटलं. खालापूरच्या जवळ वडापावचं एक हॉटेल दिसलं. चांगली गर्दी होती. मी गाडी घातली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून अशी उतरले की हॉटेलच्या गल्ल्यावरचे काका उभे राहिले. पांढरी गाडी मागोमाग येऊन थांबली. तो माणूस उतरून तोंड उघडणार, त्याआधीच मी सुरू झाले.

“दोन गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर का ठेवायचं असतं, माहीत आहे तुम्हाला? पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर काय होईल? हॉर्न हा इशारा द्यायला असतो, वाद्य म्हणून नसतो! आणि घरातली म्हातारी माणसं गाडीत घेऊन असा पाठलाग करताना काहीच कसं वाटलं नाही?”

पूर्ण हॉटेल ऐकत होतं. कढईतले वडे काढायचे राहिले. तो माणूस हात जोडून उभा होता आणि मी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात म्हणाला, “मॅडम, झालं? माझा गणपती द्या.”

“काय?”

“तुमच्या सासूबाईंच्या मांडीवर माझा गणपती आहे. तुमचा माझ्या गाडीत आहे. पेणपासून आई ओरडून ओरडून सांगतेय आणि तुम्ही मोरया मोरया काय करताय!”

त्याचं नाव नितीन. कर्जतच्या पुढे शेलूला नवीन फ्लॅट घेतलेला, नव्या घरातला पहिला गणपती, तोही आईने नवस बोलून मागवलेला. ते कारखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या जागी गणपती नव्हताच. कारखानदार सतीशला फोन करून करून दमले (तो खणात गुरगुरत होता तो!) आणि शेवटी म्हणाले, “आत्ताच गेल्यात. निळी गाडी, मागच्या काचेवर एक लांबलचक वाक्य आहे.”

“प्रत्येक निळ्या गाडीच्या मागे जाऊन वाक्य बघत होतो,” नितीन म्हणाला. “तुमचं अक्षर एवढं बारीक, मॅडम, वाचायला बुडाशीच यावं लागतं!”

सतीशला ठसका लागला.

पण मी एवढ्याने ऐकणाऱ्यातली नव्हते. “हा तुमचा कशावरून? लाल रुमाल आमचा आहे.”

“आमचाही लालच आहे. रुमाल काढून बघा!”

त्याबरोबर दोन्ही गाड्यांतून दोन म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, “रुमाल काढायचा नाय!”

झालं! वादातले पक्षच बदलले. इतका वेळ भांडत होतो आम्ही दोघं. आता सासूबाई आणि नितीनची आई एका बाजूला आणि आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला. हॉटेलच्या दारात, हायवेच्या धुळीत, वड्याच्या वासात देवाचं तोंड उघडायचं? अजिबात नाही! पाय बघू म्हटलं तर दोघांचेही पाय सारखेच. उंदीर बघितले तर तेही सारखेच. गल्ल्यावरचे काका म्हणाले, “मग काय, चिठ्ठी टाकायची का?” तर दोघी त्यांच्यावरही धावून गेल्या.

शेवटी नितीनची आई म्हणाली, “आमचा उजव्या सोंडेचा हाय. तुमी रुमालाच्या खालनं हात घालून बघा. बघायचं नाय, नुसतं चाचपायचं.”

सासूबाईंनी हात धुतले, डोळे मिटले आणि रुमालाखाली हात घातला. हॉटेलात चमचा वाजत नव्हता. “ह्यो कान… ह्यो दात… ही सोंड… सोंड चालली…” आणि एकदम हात मागे घेतला. “अगं बाय! उजवीकडं गेली गं!”

“उजवी कुणाची?” सतीशने विचारलं. “बघणाऱ्याची की गणपतीची?”

या प्रश्नावर हॉटेलात दोन तट पडले. वडेवाला म्हणाला, बघणाऱ्याची. काका म्हणाले, गणपतीची. एक ट्रकवाला तर आरशातली उजवी धरतात म्हणाला! मला कुणी विचारलं नाही, तरी मी समजावून सांगायला लागले आणि माझंच डावं-उजवं गडबडलं. शेवटी सतीशच म्हणाला, “घोड्याचा उजवा पाय म्हणजे घोड्याचाच उजवा. म्हणजे सोंडही गणपतीचीच उजवी. आणि आईने मागून हात घातला, म्हणजे तिची आणि त्याची उजवी एकच.” सगळ्यांना एकदम पटलं. इतक्या वर्षांत घोड्यांचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

सासूबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “वैशाली! उजव्या सोंडेचा गं! केवढा कडक! आनि याच्या म्होरं तू वाटंत काय काय बोललीस?”

“काय बोलल्या?” नितीनच्या आईने विचारलं.

मी कढईतले वडे मोजायला लागले. पण माझा नवरा प्रामाणिक आहे. “रेडा,” तो आठवून आठवून म्हणाला, “मग टोणगा. मग मेला. लुटारू खोपोलीच्या जवळ.”

“मला?” नितीन म्हणाला.

“तुम्हालाच. पण मनापासून नाही.”

एवढं झाल्यावर पुढे भांडायला काही शिल्लकच राहिलं नाही. नितीन हसायला लागला. सतीशने त्याला चहा-वड्यासाठी आत नेलं. दोघी म्हाताऱ्यांनी “तुमचं म्हायेर कुठलं?” इथून सुरुवात केली आणि बघता बघता नितीनच्या आईची मावसबहीण सासूबाईंच्या चुलत जावेची विहीण निघाली. मी एकटीच उभी. उपाशी, खजील, आणि डोक्यात एकच विचार: चावी गेली. घोळ झाला तो झाला, निदान तो निस्तरला तरी मीच पाहिजे. मी काकांना म्हटलं, “काका, जरा पाट धरू लागा.” आम्ही दोघांनी हलक्या हाताने, अगदी मनातल्या मनात मोरया म्हणत, आमचा गणपती आमच्या गाडीत आणि त्यांचा त्यांच्या गाडीत ठेवला. मला जरा हलकं वाटलं. काका कढईकडे गेले आणि मी मागच्या नळावर तोंड धुवायला गेले.

तोंडाला पाणी लावतेय तोच पुढून दणक्यात ऐकू आलं, “गणपती बाप्पा मोरया!” मला वाटलं, निरोप चाललाय. किती गोड माणसं!

नितीनची गाडी निघाली. सगळ्यांनी हात केले. आम्हीही निघालो. आता खालापूर मागे टाकून चौक फाट्यावरून कर्जतला जायचं होतं. गाडीत कशी शांतता होती. सासूबाई मांडीवरचा पाट सावरत जावेच्या विहिणीबद्दल सांगत होत्या. सांगता सांगता सहज म्हणाल्या, “आता आपला बाप्पा कसा हलका लागतोय,” आणि मायेने रुमालाखाली हात घातला.

“सतीश,” त्या म्हणाल्या.

“काय आई?”

“सोंड उजवीकडंच हाय रं!”

मी गाडी कडेला घेतली. “शक्यच नाही. मी स्वतः बदलले!”

सतीश वळून माझ्याकडे बघायला लागला. “तू बदललेस? अगं, चहा झाल्यावर मी आणि नितीनने बदलले! मोरया म्हणून, एवढ्या मोठ्याने!”

म्हणजे दोन्ही गणपती पेणहून निघाले तसे, जिथल्या तिथे होते. आणि फोन? “लाव ना नितीनचा नंबर,” मी म्हटलं. नंबर कुणीच घेतला नव्हता. नातं निघालं होतं, नंबर निघाला नव्हता!

मग जी मी गाडी सोडली! उजव्या सोंडेचा काय करायचा घरी? आमचा गणपती शेलूला जाऊन बसला, तर दारात प्रमोदभाऊजी तोरण लावून उभे, त्यांना काय दाखवू? चौक फाट्याच्या अलीकडे पांढरी गाडी दिसली. माझ्यासारखीच हळू, सांभाळून, गणपती घेऊन चाललेली. मी जाऊन थेट तिच्या बुडाला चिकटले.

पीं! पीं पीं! डिप्पर! पुन्हा पीं!

“वैशाली, अंतर!” सतीश ओरडला.

“खड्ड्यात गेलं अंतर!”

पुढची गाडी आणखी हळू झाली. (शिक्षण!) मी उजवीकडून बरोबरीला घेतली. सतीशच्या बाजूची काच खाली केली आणि त्याच्या अंगावरून वाकून ओरडले, “ओ काकू! गणपती! बाप्पा आमचा…”

“मोरया!” मायलेक हसून हसून म्हणाले. त्यांना वाटलं, आम्ही मघाची गंमत करतोय.

“अहो मूर्ती! मूर्ती!”

“मंगलमूर्ती मोरया!” आणि काकूंनी वर टाळ्यासुद्धा वाजवल्या!

मला त्या क्षणी अक्षरशः रडू आलं. मागे सासूबाई, “थांबीव गं, थांबीव त्यांना!” करत होत्या. सतीशला काय सुचलं कोण जाणे, त्याने खिशातला आपला रुमाल खिडकीतून बाहेर काढला आणि नाकासमोर सोंडेसारखा हात धरून तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवायला लागला. मागचा रिक्षावाला भर रस्त्यात थांबून बघत राहिला. पण नितीनला कळलं. त्याचं हसू मावळलं, त्याने मागे वळून आईला काहीतरी विचारलं, आईने रुमालाखाली हात घातला, आणि पांढरी गाडी कच्च्याला उतरली.

नितीन खाली उतरला. शांतपणे चालत माझ्या खिडकीशी आला. हात जोडले आणि म्हणाला, “दोन गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर का ठेवायचं असतं, माहीत आहे तुम्हाला?”

“माहीत आहे,” मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक मी शाळेत असतानासुद्धा निघाला नव्हता.

“हॉर्न हा इशारा द्यायला असतो, वाद्य म्हणून नसतो.”

“हो.”

“आणि घरातली म्हातारी माणसं…”

“पुरे रं बाबा,” सासूबाई म्हणाल्या, “तिचा उपास हाय आज.”

या वेळी गणपती बदलताना चौघं-पाचजण हजर राहिले, दोघी म्हाताऱ्यांनी सोंडा तपासल्या आणि सतीशने नितीनचा नंबर घेतला. फोन मी माझ्या हाताने खणातून काढून दिले.

भिसेगावात पोचलो तेव्हा प्रमोदभाऊजी दारात उभे होतेच. “काय वहिनी, आला का सुखरूप?”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. “येकदा नाय,” त्या म्हणाल्या, “दोनदा आला,” आणि पाट घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापना झाली. रुमाल काढला आणि आमचा डाव्या सोंडेचा, ओळखीचा चेहरा बघून मी चक्क हमसून रडले. शेलूहून नितीनने आपल्या गणपतीचा फोटो पाठवला. आरती झाली, मोदक झाले, आणि सासूबाईंचा मूड चांगला बघून मी हळूच विचारलं, “आई, मग पुढच्या वर्षी… प्रमोदभाऊजींचा टेंपो?”

सासूबाईंनी मोदकावर तूप सोडलं. गणपतीवरून काढलेला लाल रुमाल शेजारीच घडी करून ठेवला होता, तो उचलून माझ्या हातात दिला.

“गाडी तूच चालव गं,” त्या म्हणाल्या. “चालवतीस ब्येस. फकस्त पुढच्या वर्षी गणपतीचं तोंड उघडं राहू दे. रुमाल तुझ्या तोंडाला बांधू.”